पोलिंगच्या बाजूने: नव्या फॉलोअरची दखल आणि वेम्बलीचा हिशेब

एखाद्या खात्याला नवा फॉलोअर मिळाला, हे बाहेरच्या प्रणालीला कळण्याचे मार्ग दोनच आहेत. पहिल्यात समाजमाध्यम स्वतःहून निरोप धाडते. तो सतत उघड्या जोडणीवरून आला तर त्याला स्ट्रीम म्हणतात, आणि ठरवून दिलेल्या पत्त्यावर येऊन धडकला तर वेबहुक. दुसऱ्यात बाहेरची प्रणाली ठरावीक अंतराने फॉलोअरांची यादी मागवते, मागच्या खेपेच्या यादीशी ताडून पाहते आणि आधी नसलेली नावे नवी म्हणून नोंदवते. हे पोलिंग. प्रोग्रामर मंडळींमध्ये पहिला मार्ग पुढारलेला आणि दुसरा निरुपायाने पत्करायचा, असे मत पक्के रुजले आहे. पोलिंग उशिरा सांगते, सर्व्हरवर नाहक भार टाकते आणि घडलेल्या गोष्टी त्याच्या हातून निसटतात, असे तीन आक्षेप त्यामागे असतात. फॉलोअरांच्या बाबतीत हे मत टिकत नाही. उशीर आणि भार हे आक्षेप अर्धे खरे आहेत. निसटण्याचा आक्षेप मात्र थेट उलटा आहे, कारण हरवण्याचा धोका निरोपाच्या मार्गातच अधिक असतो.

पोलिंगची रीत समजून घेतल्याशिवाय हा वाद सुटत नाही. ट्विटरची जुनी व्यवस्था उदाहरण म्हणून सोयीची आहे, कारण तिच्या मर्यादा उघड आणि आकड्यांत लिहिलेल्या होत्या. फॉलोअरांचे क्रमांक मागवण्याची सोय एका विनंतीला ५,००० क्रमांकांचे एक पान देई, आणि दर १५ मिनिटांत अशा १५ विनंत्या करता येत. म्हणजे सरासरी मिनिटाला एक. यादीत सर्वांत नवा फॉलोअर सर्वांत वर असे. हा क्रम पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतो, असा इशारा दस्तऐवजात दिलेला होता, तरी व्यवहारात क्रम तोच होता. त्यामुळे लाखो फॉलोअर असलेल्या खात्याचीही सगळी यादी दर वेळी मागवण्याचे कारण नव्हते. पहिले पान मागवायचे, मागच्या खेपेला सर्वांत वर असलेला क्रमांक त्यात शोधायचा, आणि त्याच्या वरचे सगळे नवे धरायचे. तो सापडला नाही तर पुढचे पान मागवायचे, आणि खूण लागेपर्यंत पाने उलटत राहायची.

ही खूण एकच ठेवणे धोक्याचे असते. नेमक्या त्याच माणसाने मधल्या मिनिटात फॉलो करणे सोडले, किंवा त्याचे खाते निलंबित झाले, तर खूण नाहीशी होते आणि प्रणाली तिच्या शोधात यादीच्या तळापर्यंत जाते. म्हणून वरचे पन्नास-शंभर क्रमांक जपायचे आणि त्यांतील काही सलग सापडले की थांबायचे. सोडून गेलेला माणूस परत आला तर तो पुन्हा वर दिसतो. त्याला नवा म्हणायचे की परतलेला, हे मागची नोंद किती दिवस ठेवली आहे यावर ठरते. या बारकाव्यांकडे दुर्लक्ष करून लिहिलेले पोलिंग खरोखरच चुका करते, आणि पोलिंगविषयीची बरीचशी नाराजी अशा निष्काळजीपणे लिहिलेल्या पोलिंगवरच पोसलेली आहे.

वेम्बलीकडे वळले की या आकड्यांना अर्थ येतो. ११ जुलै २०२१ च्या रात्री वेम्बली स्टेडियमवर युरो २०२० चा अंतिम सामना झाला. कोविडमुळे स्पर्धा वर्षभर लांबली होती. इंग्लंडच्या ल्यूक शॉने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, ६७ व्या मिनिटाला लिओनार्दो बोनुचीने बरोबरी साधली, आणि जादा वेळेनंतर इटलीने पेनल्टींवर ३-२ ने सामना जिंकला. अशा रात्री खेळाडूंच्या खात्यांकडे लोकांचा ओघ एकसारखा नसतो. गोल, पेनल्टी, शेवटची शिट्टी या क्षणांनंतर तो उसळतो आणि मधे ओसरतो. पोलिंगच्या विरोधात नेमका हाच प्रसंग पुढे केला जातो: एवढ्या गर्दीत मिनिटाला एकदा डोकावणारी प्रणाली काय पकडणार?

उत्तर साध्या गुणाकार-भागाकारात आहे. वेम्बलीची बैठकक्षमता ९०,००० आहे. त्या रात्री कोविडच्या निर्बंधांमुळे एवढे लोक आत नव्हते, पण हिशेबासाठी स्टेडियम भरलेले धरू. आतल्या प्रत्येकाने एकाच मिनिटात एकाच खेळाडूला फॉलो केले, असेही धरू. यापेक्षा मोठी लाट कल्पनेत आणणेही कठीण. ९०,००० क्रमांक ५,००० च्या पानांत बसवले तर १८ पाने होतात. मिनिटाला एक पान या गतीने अठरा मिनिटांत त्या लाटेतला प्रत्येक माणूस नोंदला जातो. एकही सुटत नाही, फक्त थोडा उशीर होतो. रोजच्या गर्दीत तर एवढीही वेळ येत नाही. मिनिटाला ५,००० म्हणजे सेकंदाला ८३ नवे फॉलोअर येईपर्यंत पहिले पानच पुरेसे असते. पाने उलटण्याच्या काळात वर आणखी नवे लोक जमत राहतात हे खरे, पण ते पुढच्या फेरीत सापडतात, कारण त्यांच्याखाली खूण तशीच उभी असते.

हीच लाट निरोपाच्या मार्गाने आली असती तर घेणाऱ्या सर्व्हरला एका मिनिटात ९०,००० निरोप झेलावे लागले असते. तो त्या ताणाने कोलमडला, जाळे तुटले, किंवा त्याच वेळी नवी आवृत्ती चढवण्यासाठी तो दोन मिनिटे बंद होता, तर त्या काळातल्या निरोपांचे काय होते? काही सेवा ते पुन्हा धाडतात, काही धाडत नाहीत. पुन्हा धाडणाऱ्या सेवांमध्ये तोच निरोप दोनदा येतो. थेट प्रक्षेपणाच्या ट्विच मंचाच्या इव्हेंटसब सेवेच्या नियमांत ही शक्यता स्पष्ट नमूद आहे, आणि घेणारा सर्व्हर वारंवार उत्तर द्यायला चुकला तर निरोपांची नोंदणीच रद्द होते. रद्द झालेली नोंदणी कुणाच्या लक्षात येईपर्यंत फॉलोअर येत राहतात आणि प्रणालीला त्यांचा पत्ता नसतो. दुकानदार दिवसभर पावत्या फाडतो, पण रात्री गल्ला मोजल्याशिवाय हिशेब मिटवत नाही. वेबहुक पावतीसारखा आहे आणि पोलिंग गल्ला मोजण्यासारखे. पावती हरवू शकते. गल्ल्यात जे आहे ते आहेच, आणि चुकलेली मोजणी पुढच्या मोजणीत दुरुस्त होते. म्हणून वेबहुक नीट वापरणारे जाणते लोकही दिवसातून एकदा तरी पूर्ण यादीशी ताळा करतात. हा ताळा म्हणजे पोलिंगच. वेबहुकवाल्यांना शेवटी ज्याचा आधार घ्यावा लागतो त्यालाच मागास म्हणणे न्यायाचे नाही.

निसटण्याचा आक्षेप दुसऱ्या रूपातही मांडला जातो. कुणी फॉलो करून तीस सेकंदांत सोडून दिले, तर मिनिटाच्या पोलिंगला तो कधीच दिसणार नाही. हे खरे आहे. पण फॉलोअर ही अवस्था आहे, क्षणिक घटना नव्हे. ज्याला खात्याचे फॉलोअर जाणून घ्यायचे आहेत त्याला आता कोण आहे हे हवे असते, आणि तीस सेकंदांपुरता आलेला माणूस त्या उत्तरात बसतच नाही. प्रत्येक क्लिकची नोंद हवी असेल तर प्रश्न बदलतो. तो प्रश्न मात्र जाहिरात-मापनाचा आहे, फॉलोअरांच्या नोंदीचा नाही.

निरोपाच्या मार्गाचा इतिहासही त्याच्या भक्तांनी आठवावा असा आहे. ट्विटरकडे यूझर स्ट्रीम नावाची सोय होती. कुणी फॉलो केले की उघड्या जोडणीवरून तत्क्षणी कळे. तिच्यावर अनेक स्वतंत्र अॅप उभी राहिली. १६ ऑगस्ट २०१८ रोजी ती बंद झाली. ट्वीटबॉटसारख्या अॅपना मिनिटा-दोन मिनिटांनी विचारणा करण्याकडे परतावे लागले आणि काही सूचना तर कायमच्या गेल्या. तिच्या जागी आलेली अकाउंट अॅक्टिव्हिटी सेवा वेबहुकवर चालणारी होती. तिच्यासाठी सदैव जागा, सुरक्षित पत्त्याचा सार्वजनिक सर्व्हर लागे, ट्विटरकडून वेळोवेळी येणाऱ्या आव्हानाला गुप्त किल्लीने सही केलेले उत्तर द्यावे लागे, आणि ज्या खात्याचे निरोप हवेत त्या खात्याच्या मालकाची परवानगी लागे.

या परवानगीच्या अटीत फार मोठा फरक दडलेला आहे. २०२१ च्या त्या रात्रीनंतर पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सांचो किंवा बुकायो साका यांच्या खात्यांभोवती काय घडते आहे याचा अभ्यास करू पाहणाऱ्या पत्रकाराला वा संशोधकाला वेबहुक कधीच मिळाला नसता. ती खाती त्याची नव्हती. सार्वजनिक यादी वाचण्याची मुभा मात्र कुणालाही होती. स्वतंत्र निरीक्षकाला पोलिंग हा एकमेव मार्ग होता. ज्यांच्याकडे खात्याची मालकी नाही पण जाणून घेण्याचे रास्त कारण आहे, त्यांचे ते हक्काचे साधन आहे. पोलिंगला नावे ठेवताना हा माणूस विसरला जातो, आणि प्रस्तुत वादातली ही सर्वांत गंभीर चूक आहे.

आता उशिराचा आक्षेप. मिनिटाच्या पोलिंगमध्ये नवा फॉलोअर कळायला सरासरी अर्धे मिनिट आणि जास्तीत जास्त एक मिनिट लागते, त्यात विनंतीच्या उत्तराचा एखादा सेकंद मिळवायचा. एवढा उशीर कुठे बाधतो, असे विचारल्यावर गंभीर उत्तर म्हणून सुरक्षितता पुढे येते: छळ करणाऱ्या टोळ्या क्षणात येतात, मग बचावही क्षणात हवा. वेम्बलीच्या त्या रात्रीचेच उदाहरण यासाठी दिले जाते. रॅशफर्डची पेनल्टी खांबावर आदळली, सांचो आणि साका यांच्या इटलीचा गोलरक्षक जानलुइजी दोन्नारुम्मा याने अडवल्या, आणि तिघाही कृष्णवर्णीय तरुणांवर वांशिक शिवीगाळीचा मारा झाला. तो प्रकार लाजिरवाणा होता आणि त्याचे गांभीर्य कमी करण्याचे काहीच कारण नाही. पण तो फॉलोअर-यादीतून आला नव्हता. शिवी देण्यासाठी फॉलो करावे लागत नाही. उत्तरे, उल्लेख आणि टिप्पण्या यांतून ती येते. ट्विटरने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सामन्यादरम्यान आणि नंतरच्या २४ तासांत १,६२२ ट्वीट हटवले गेले, सर्वाधिक शिवीगाळ ब्रिटनमधूनच झाली होती, आणि कायमची बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के अनामिक नव्हती. या आकड्यांत बचावाची खरी जागा दिसते: मजकूर गाळणे, तक्रारीवर झटपट कारवाई, कायद्याची अंमलबजावणी. नवा फॉलोअर तीस सेकंद आधी कळल्याने त्या तिघांपैकी कुणाचीही एक शिवी वाचली नसती.

त्याच उन्हाळ्यात तत्क्षणी निरोपाची काळी बाजूही दिसली. ट्विचवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांच्या पडद्यावर नवा फॉलोअर आला की नावासकट पाटी झळकते आणि आवाज होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णवर्णीय आणि समलिंगी, पारलिंगी प्रक्षेपकांवर बॉट खात्यांच्या झुंडी सोडण्यात आल्या. शेकड्यांनी खोटी खाती एकदम येत, संवादाच्या खिडकीत विखारी मजकूर ओतत, आणि फॉलो करून आपली घाणेरडी नावे त्या पाट्यांवर झळकवत. निषेध म्हणून १ सप्टेंबर २०२१ रोजी अनेकांनी ट्विचवर प्रक्षेपण बंद ठेवले. त्या छळात तत्क्षणी निरोप हे हल्लेखोराच्या हातातले हत्यार ठरले. मिनिटाच्या अंतराने गोळा झालेली यादी मात्र एकगठ्ठा समोर येते. तीत खाती किती जुनी आहेत, नावांची घडण सारखी आहे का, सगळी एकाच मिनिटात उपजली आहेत का, हे जाहीर करण्याआधी तपासता येते. एकट्या फॉलोअरकडे पाहून बॉट ओळखणे अवघड असते, गठ्ठ्याकडे पाहून सोपे. पोलिंगचा उशीर इथे माणसाच्या कामी येतो, आणि तो दोष मानून पुसून टाकण्याची घाई करणाऱ्यांनी आधी त्या प्रक्षेपकांचे अनुभव ऐकायला हवेत.

भाराचा आक्षेप थोडक्यात आटोपतो. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० विनंत्या, आणि बहुतेकांचे उत्तर ‘काही बदल नाही’. पण ‘बदल नाही’ हे स्वस्तात सांगण्याची सोय एचटीटीपीमध्ये आहे. सर्व्हर यादीसोबत ईटॅग नावाची खूण देतो, पुढच्या विनंतीत ती परत पाठवायची, आणि यादी तीच असेल तर ३०४ क्रमांकाचे रिकामे उत्तर मिळते. गिटहब अधिकृत विनंत्यांना ताशी ५,००० ची मर्यादा लावते, पण ३०४ ची उत्तरे त्या मर्यादेत धरत नाही. घडामोडींची यादी देताना तर पुन्हा किती सेकंदांनी विचारावे हेही ती स्वतः सांगते. एवढी मोठी सेवा पोलिंगसाठी दार उघडे ठेवून वर वेळापत्रकही देते, तेव्हा पोलिंग म्हणजे सर्व्हरवर अत्याचार, हा युक्तिवाद फारसा उरत नाही. शिवाय विचारणेचे अंतर नेहमी एकच ठेवायला कुणी सांगितलेले नाही. लागोपाठ काही फेऱ्यांत नवे कुणी आले नाही तर अंतर दुप्पट करत न्यायचे, आले की पुन्हा मिनिटावर आणायचे. मर्यादा संपल्याचे ४२९ उत्तर आले तर सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबायचे. अनेक खाती एकाच सेकंदाला विचारली जाऊ नयेत म्हणून अंतरात थोडी यादृच्छिक भर घालायची. हजारो खात्यांवर नजर ठेवणाऱ्या व्यावसायिक सेवेला हे सगळे करूनही खर्च जड जातो, आणि तिला वेबहुक परवडतो हे मान्य करावे लागते.

पण बहुतेक संस्था तशा नसतात. वेम्बली लंडनच्या ज्या ब्रेंट बरोत आहे, त्याच बरोत डॉलिस हिल इथे १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे. गणेशोत्सव, दिवाळी, नाट्यप्रयोग यांभोवती फिरणाऱ्या अशा सांस्कृतिक संस्थांच्या खात्यांकडे लोक उत्सवाच्या आठवड्यात येतात आणि एरवी क्वचित. नव्या माणसाचे स्वागत करायचे, तो परिसरातला दिसला तर कार्यक्रमाची माहिती द्यायची, एवढीच त्यांची गरज असते. त्यासाठी चोवीस तास जागा सर्व्हर, त्याची प्रमाणपत्रे, आव्हानांची उत्तरे आणि ते सांभाळणारा माणूस हा खटाटोप स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेवर लादणे अन्याय आहे. घरातल्या एखाद्या जुन्या संगणकावर दर दहा मिनिटांनी चालणारी पन्नास ओळींची आज्ञावली तेच काम करते. ती बंद पडली आणि तीन दिवसांनी कुणाच्या लक्षात आले, तरी पुन्हा सुरू होताच त्या तीन दिवसांत आलेले आणि टिकलेले सगळे फॉलोअर तिला सापडतात. वेबहुक तीन दिवस बंद असता तर ही भरपाई झाली नसती.

पोलिंग जिथे खरोखर अडते ती ठिकाणे वेगळी आहेत. सोडून गेलेले लोक शोधणे हे पहिले. त्यासाठी वरचे पान पुरत नाही, सगळी यादी लागते. दहा लाख फॉलोअर म्हणजे २०० पाने, आणि मिनिटाला एक या गतीने तीन तास वीस मिनिटे. ‘कोण गेले’ हे मिनिटात सांगण्याचा दावा करणारी मोठ्या खात्यांची सेवा दिसली की तिच्याकडे संशयाने पाहावे. दुसरे ठिकाण म्हणजे यादीऐवजी नुसती संख्या मिळणे. दहा आले आणि दहा गेले तर संख्या हलत नाही, आणि नव्याची दखल घेण्यासाठी ती निरुपयोगी ठरते. २०१८-१९ मध्ये टी-सीरिज आणि प्यूडीपाय या यूट्यूब वाहिन्यांमधली सदस्यसंख्येची चढाओढ लोक थेट आकडे दाखवणाऱ्या पानांवर तासन्‌तास पाहत. ती पाने यूट्यूबकडे वारंवार संख्या विचारूनच चालत. २९ मे २०१९ रोजी टी-सीरिजने दहा कोटी सदस्यांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून यूट्यूबने सार्वजनिक संख्येचे पहिले तीनच अंक दाखवायला सुरुवात केली. मग दहा कोटींच्या वाहिनीचा आकडा दहा लाखांच्या पायरीनेच हलू लागला, आणि मिनिटाला विचारणे निरर्थक झाले.

तिसरे ठिकाण म्हणजे यादीच बंद होणे. इंस्टाग्रामने ४ एप्रिल २०१८ रोजी, केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणाच्या धक्क्यात, फॉलोअर-यादी वाचण्याची सोय एकाएकी काढून घेतली. व्यावसायिक खात्यांना आज संख्या मिळते, नावे मिळत नाहीत. ट्विटरच्या नव्या आवृत्तीत पान १,००० क्रमांकांचे झाले आणि विनंत्या १५ च राहिल्या, म्हणजे वेम्बलीच्या ९०,००० च्या हिशेबाला अठराऐवजी नव्वद मिनिटे लागली असती. २०२३ मध्ये मोफत वापर गुंडाळला गेला आणि फॉलोअर-यादी खालच्या दराच्या योजनांतून वगळली गेली. या प्रत्येक ठिकाणी पोलिंगची पद्धत फसलेली नाही. माहितीचे दार बंद झाले आहे, आणि ते बंद झाल्यावर बाहेरच्याला वेबहुकही मिळत नाही. दोष पद्धतीच्या माथी मारल्याने दार बंद करणाऱ्या कंपन्यांना जाब विचारला जात नाही.

दार बंद होण्यामागे एक रास्त कारण आहे, आणि पोलिंगच्या पुरस्कर्त्यांनी ते टाळू नये. फॉलोअरांची यादी म्हणजे माणसांची यादी. कोण कुणाला फॉलो करते यावरून त्याचा धर्म, राजकारण, कल यांचा अंदाज बांधता येतो. ब्रिटनमध्ये असे क्रमांक साठवणाऱ्या संस्थेला यूके जीडीपीआर आणि २०१८ चा डेटा प्रोटेक्शन कायदा लागू होतो. हेतूपुरतीच माहिती घ्यावी आणि गरजेपुरतीच ठेवावी, ही त्यांतली तत्त्वे पोलिंगच्या रचनेत सहज बसतात. नव्या फॉलोअरची दखल घ्यायला वरचे पन्नास-शंभर क्रमांक आणि शेवटच्या विचारणेची वेळ एवढेच पुरते. परतलेल्याला ओळखायचे असेल तर क्रमांकांऐवजी त्यांचे गुप्त किल्लीने केलेले हॅश ठेवता येतात. कायद्याच्या नजरेत तेही वैयक्तिक माहितीच राहतात, म्हणून त्यांना काही आठवड्यांची मुदत घालून ते आपोआप पुसावेत. पूर्ण यादी फक्त सोडून जाणाऱ्यांच्या मोजणीसाठी मागवावी, आणि ती मोजणी कशासाठी हवी आहे हे संस्थेने आधी लिहून ठेवावे.